जंगलातला प्रमुख वृक्ष खचला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रमुख वृक्ष कोणाला म्हणायचं? ज्याची संख्या सर्वात जास्त, तो?

संख्या लागतेच, पण तेवढी पुरत नाही. ज्या जातीमुळे जंगलात किती ऊन उतरेल, जमिनीत ओल किती टिकेल, खाली पडणारा पालापाचोळा लवकर कुजेल की साठून राहील हे ठरतं, ती त्या जंगलाची प्रमुख जात. बाकीची झाडंझुडपं, किडे, पक्षी तिने तयार केलेल्या हवामानात राहतात. पॉल डेटन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अशा जातींसाठी ‘फाउंडेशन स्पीशीज’ हा शब्द वापरला. त्यांचा अभ्यास समुद्रतळावरच्या जीवांचा होता, पण पुढे ही कल्पना जंगलांना चपखल बसली. इथे आपण पायाभूत जात म्हणू.

म्हणजे ‘कळीची प्रजाती’ म्हणतात तीच ना?

नाही. कळीची प्रजाती बहुधा संख्येने थोडी असते आणि तरीही तिचा दबदबा मोठा असतो. वाघ, लांडगा, समुद्रातला एखादा तारामासा ही त्याची उदाहरणं. पायाभूत जातीचा प्रभाव मुळात ती सगळीकडे असण्यातूनच येतो.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण संवर्धनात तो फार महाग पडतो. दुर्मीळ जीवांची यादी होते, त्यांच्यासाठी निधी मिळतो. जे झाड डोळे फिरवू तिकडे दिसतं त्याची काळजी करायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते धोक्याच्या यादीत जाईपर्यंत बऱ्याच ठिकाणी त्याचं काम थांबून वर्षं लोटलेली असतात.

एवढी मोठी, जुनी झाडं मरतात तरी कशाने?

गेल्या सव्वाशे वर्षांत सर्वात जास्त नुकसान केलं ते दुसऱ्या खंडातून आलेल्या बुरशींनी आणि किडींनी. रोपं, लाकूड, पॅकिंगची खोकी यांच्यासोबत हे पाहुणे येतात. त्यांच्या मूळ प्रदेशातली झाडं हजारो वर्षं त्यांच्याशी झुंजून तयार झालेली असतात, त्यामुळे तिथे हीच कीड किरकोळ ठरते. नव्या खंडातल्या झाडाने तिला कधी पाहिलेलंच नसतं.

दुसरं कारण हवामान. लागोपाठ दुष्काळ पडले की झाडाचा चीक आणि राळ कमी होते, आणि सालीखाली शिरणाऱ्या स्थानिक भुंगेऱ्यांनाही रान मोकळं मिळतं. मध्य युरोपात २०१८ नंतरच्या कोरड्या वर्षांत स्प्रूसची जंगलं अशीच वाळली. तिथला भुंगेरा परका नाही, तो कायमचाच रहिवासी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाइनवर जी धाड आली तिचंही तेच: पूर्वी कडाक्याच्या थंडीत भुंगेऱ्याच्या अळ्या मरायच्या, हिवाळे सौम्य झाले तशा त्या तगू लागल्या.

एक जात गेली तर तिच्या जागी दुसरी येतेच. मग एवढी चिंता कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो बिनबुडाचा नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातलं चेस्टनट घ्या. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी दिसली. ती आशियातून आलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर शिरली होती. साधारण पन्नास वर्षांत तिने ३०० ते ४०० कोटी झाडं संपवली. जंगल मात्र उजाड झालं नाही. ओक, हिकरी, मेपल यांनी मोकळी जागा भरून काढली आणि आज त्या डोंगरांत फिरणाऱ्याला काही हरवल्यासारखं वाटतही नाही. विमानातून पाहिलं तर हिरवंच.

पण जागा भरली म्हणजे काम भरून निघालं असं नव्हे. चेस्टनट उशिरा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलायचं. त्यामुळे त्याचा मोहर थंडीच्या शेवटच्या फटक्यातून वाचायचा आणि दरवर्षी भरवशाचं पीक यायचं. ओकचं तसं नाही. एखाद्या वर्षी जमीन झाकेल एवढी फळं, पुढची दोन वर्षं जवळजवळ काहीच नाही. अस्वलं, खारी, उंदीर, रानटर्की या सगळ्यांचं वर्ष आता ओकच्या लहरीवर चालतं. चेस्टनटचं लाकूड कुजायला फार वेळ घ्यायचं. ओढ्यात पडलेला ओंडका कित्येक दशकं पाणी अडवून धरायचा, त्यामागे डोह तयार व्हायचे. आज तिथे पडणारं लाकूड त्याहून लवकर नाहीसं होतं.

तेव्हा ‘दुसरं झाड आलं का’ एवढ्यावर थांबू नये. गेलेलं झाड कोणकोणती कामं करत होतं आणि त्यातली कोणती आता कुणीच करत नाही, हे तपासावं लागतं. कधी बरीचशी भरून निघतात, कधी एकही नाही.

जिथे काहीच भरून निघालं नाही, असं एखादं उदाहरण?

पूर्व अमेरिकेतलंच हेमलॉक. (सॉक्रेटिसला दिलेल्या विषाशी याचा काही संबंध नाही. ती गाजराच्या कुळातली वनस्पती, हा उंच सूचिपर्णी वृक्ष.) हेमलॉकच्या राईत शिरलं की भर दुपारीही दिवे लागणीची वेळ झाल्यासारखं वाटतं. पानं बारीक, चपटी, वर्षभर हिरवी, आणि फांद्या खालपर्यंत आलेल्या. खाली सुयांसारख्या पानांचा जाड, आम्लधर्मी थर साठतो, जो फार सावकाश कुजतो. त्या अंधारात फारसं काही उगवत नाही. म्हणूनच जे तिथे जगतं ते दुसरीकडे सहसा सापडत नाही.

माव्याच्या नात्यातली एक लोकरी कीड जपानहून आली आणि १९५१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ तिची पहिली नोंद झाली. फांदी उलटी करून पाहिली तर प्रत्येक पानाच्या देठाशी कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा ठिपका दिसतो. एका ठिपक्यात एक कीड. नीट पाहिलं तरच दिसेल एवढी ती लहान. ती देठाशी सोंड खुपसून झाडाने साठवलेलं अन्न शोषते. तिथल्या सगळ्याच माद्या, नराशिवाय अंडी घालतात, वर्षाला दोन पिढ्या होतात. साधारण चार ते दहा वर्षांत झाड करडं पडून मरतं.

त्यानंतर जे होतं ते हळूहळू होतं. सुया गळतात आणि जमिनीवर पहिल्यांदाच ऊन पडतं. माती तापते, साठलेला थर भराभर कुजू लागतो आणि त्यातलं नायट्रोजन सुटं होतं. उघड्यावर काळ्या बर्चची रोपं दाटीवाटीने वर येतात. बर्च पानगळीचा, त्यामुळे हिवाळ्यातली सावली आणि आडोसा गेला. बर्फाच्या दिवसांत हरणं हेमलॉकखाली थांबत, कारण वरच्या वर बर्फ अडायचा. तेही बंद. घनदाट सूचिपर्णी छत्रात घरटी करणारे वार्बलर पक्षी कमी होतात. हेमलॉकच्या सावलीतले ओढे उन्हाळ्यात गार राहायचे आणि आटायचे कमी. त्यात राहणाऱ्या ब्रुक ट्राउट माशाला थंड पाणीच लागतं.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधन वनात २००५ मध्ये एक प्रयोग झाला. काही तुकड्यांत हेमलॉकची साल गोल कापून झाडं उभीच मरू दिली, म्हणजे कीड मारते तशी. शेजारच्या तुकड्यांत ती तोडून नेली. पुढच्या वर्षांत दोन्हीकडे मुंग्यांच्या जाती वाढल्या, कारण हेमलॉकच्या गार अंधारात मुंग्या फार नसतात. नुसती जातींची मोजदाद केली असती तर ‘जैवविविधता वाढली’ असा आनंदाचा अहवाल निघाला असता. पण वाढलेल्या जाती आजूबाजूच्या कुठल्याही रानात भेटणाऱ्या होत्या. माझ्या मते जातींचा आकडा एकटा पुढे करणारा कोणताही अहवाल संशयानेच वाचावा. कोण आलं आणि कोण गेलं, ही नावं बघावीत.

झाडं कमी झाली म्हणजे पाणी जास्त उरतं, हे खरं का?

काही काळ, काही ठिकाणी. झाड जमिनीतून पाणी ओढून हवेत सोडतं, ते थांबलं की सुरुवातीला ओढ्याचं पाणी वाढतं. पण नंतर कोण उगवतं यावर पुढचं सगळं अवलंबून. हेमलॉक वर्षभर थोडंथोडं पाणी ओढायचं. बर्च फक्त पानं असताना ओढतो आणि ऐन उन्हाळ्यात जास्त ओढतो. परिणाम असा की पाणी नको असतं तेव्हा जास्त आणि हवं तेव्हा कमी.

याच्या उलट टोकाचं उदाहरण काळ्या अ‍ॅशच्या दलदलीचं. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स भागात हे झाड पाणथळ जमिनीत जवळजवळ एकटंच उभं असतं, आणि उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली खेचण्याचं काम तेच करतं. आशियातून आलेल्या हिरव्या चमकदार भुंगेऱ्याने, जो २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, अ‍ॅश मारायला सुरुवात केली. अ‍ॅश गेला की पातळी वर येते, रोपट्यांची मुळं बुडतात आणि दुसरं झाडही उगवू शकत नाही. तिथे जंगलाऐवजी लव्हाळ्याचं दलदली रान होतं. म्हणजे प्रमुख झाड मेलं आणि जंगलपणच गेलं. तिथल्या मूळ रहिवासी जमाती काळ्या अ‍ॅशचा ओंडका ठोकून त्याच्या वार्षिक वलयांच्या पट्ट्या सुट्या करतात आणि टोपल्या विणतात. ही कला दुसऱ्या लाकडावर तशी जमत नाही.

त्या झाडावर जगणाऱ्या इतर जीवांचं काय होतं?

ते किती चोखंदळ आहेत त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये अ‍ॅशवर बुरशीचा रोग आल्यावर शास्त्रज्ञांनी त्या झाडाशी जोडलेल्या जीवांची यादी केली. ९५५ जाती निघाल्या, त्यातल्या ४५ फक्त अ‍ॅशवरच. उरलेल्या ९१० सुरक्षित, असं मात्र नाही. काहींना पर्यायी झाड चालतं, पण ते जवळपास हवं, तेवढ्याच वयाचं हवं, सालीचा पोत जुळायला हवा. लायकेनचं, म्हणजे सालीवर वाढणाऱ्या दगडफुलाचं, याबाबत दुर्दैव मोठं. एल्म या झाडावरच्या त्याच्या बऱ्याच जातींना गेल्या शतकात एल्म मेल्यावर अ‍ॅशने आधार दिला होता. आता अ‍ॅशही चालला.

सगळ्यात नाजूक असतात दोन्ही बाजूंनी बांधलेली नाती. रॉकी पर्वताच्या माथ्यावर व्हाइटबार्क पाइन उगवतो. त्याची शंकूसारखी फळं आपोआप उघडत नाहीत, बियांना पंखही नसतात. क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी चोचीने शंकू फोडतो आणि हिवाळ्यासाठी हजारो बिया थोड्याथोड्या करून मातीत पुरतो. खायच्या राहून गेलेल्या बियांतून नवं झाड येतं. खारी याच शंकूंचे साठे करतात आणि ग्रिझली अस्वलं ते लुटतात. युरोपातून आलेला तांबेरा आणि भुंगेरे यांनी झाडं घटली, तसे शंकू घटले. शंकू थोडे दिसले की पक्षी त्या डोंगरावर थांबत नाही, पुढे जातो. मग शिल्लक झाडांच्या बियाही कुणी पुरत नाही. झाडं उभी आहेत, फळतायत, पण पुढची पिढी बंद. अमेरिकेत २०२२ मध्ये या झाडाला धोक्यातली जात म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं.

मेलेली झाडं तोडून बाहेर काढणं चांगलं ना? कीड पसरणार नाही आणि आगही लागणार नाही.

रस्त्याकडेला, वस्तीजवळ, पायवाटेवर काढावीच लागतात. वाळलेला अ‍ॅश फार ठिसूळ होतो, वारा नसतानाही फांदी कोसळते. ऐन साथीच्या सुरुवातीला, कीड अजून आत असतानाच ग्रस्त झाडं हलवली तर उपयोग होतो.

मात्र सरसकट सफाई बहुतेक वेळा नुकसानच वाढवते. जड यंत्रं माती दाबून टाकतात, नुकती उगवलेली रोपं चिरडली जातात, आणि जंगलातल्या अंदाजे पाव जीवांना ज्याची गरज असते ते मेलेलं लाकूडच नाहीसं होतं. कीड येणार म्हणून आधीच निरोगी झाडं तोडण्याचा मोह तर टाळावाच. शेकड्यात दोन-चार का होईना, प्रतिकार करणारी झाडं त्यात असू शकतात, आणि तीच आपण कुऱ्हाडीखाली घालतो.

जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळानंतर पडलेली झाडं मुद्दाम जागेवर सोडली. पुढे भुंगेऱ्याने हजारो हेक्टरवरचा स्प्रूस वाळवला, आजूबाजूचे लोक भडकले, ‘जंगल मारलं’ म्हणाले. त्याच वाळक्या खोडांमधून आज नवं, पूर्वीपेक्षा जास्त वैविध्याचं रान उभं आहे, दुर्मीळ बुरशी आणि भुंगेरे परतलेत. हे स्थानिक किडीचं उदाहरण आहे, हे विसरू नये. स्थानिक कीड झाडाची पुढची पिढी मारून टाकत नाही. परकी कीड बऱ्याचदा रोप जरा मोठं झालं की पुन्हा येते. म्हणून बव्हेरियातला धडा हेमलॉकला जसाच्या तसा लावता येत नाही.

कार्बनचं गणित किती बिघडतं?

ब्रिटिश कोलंबियात भुंगेऱ्याचा फटका सुमारे १.८ कोटी हेक्टरना बसला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की जे जंगल कार्बन शोषत होतं ते काही काळ उलट कार्बन सोडणारं झालं. पुढच्या मोजमापांत असंही दिसलं की जिथे वाचलेली झाडं आणि खालची झुडपं जागेवर होती तिथे सावरणं अपेक्षेपेक्षा लवकर झालं. म्हणजे किती झाडं मेली यापेक्षा खाली काय शिल्लक राहिलं हे मोलाचं.

उष्ण प्रदेशातली जंगलं तर मिश्र असतात. तिथे हा धोका नाही?

आहे, फक्त दिसत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये वृक्षांच्या सुमारे १६,००० जाती असाव्यात असा २०१३ चा अंदाज आहे, पण त्यातल्या अवघ्या २२७ जातींनी निम्मी झाडं व्यापली आहेत.

शिवाय सगळी उष्ण जंगलं मिश्र नसतात. मध्य भारतातली सालाची जंगलं जवळजवळ एकजिनसी आहेत. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशात खोडकिड्याची मोठी साथ आली आणि लाखो साल वृक्ष हातचे गेले. हा किडा स्थानिक, पण दाट, एकाच जातीचं, वयस्क झाडांनी भरलेलं रान त्याला आयतंच मिळालं. या किड्याच्या प्रौढ भुंगेऱ्यांना साल वृक्षाच्या ताज्या चिकाची भयंकर ओढ. म्हणून ओंडके कापून, त्यांची साल ठेचून ठेवतात. चीक पिऊन भुंगेरे सुस्त पडतात आणि माणसं ते हाताने वेचतात. साधा उपाय, पण सापळा पावसाच्या सुरुवातीलाच, भुंगेरे बाहेर पडतात तेव्हा लावायला हवा.

हवाईमध्ये ओहिया हे मूळ जंगलाचं मुख्य झाड. २०१४ मध्ये त्याला झटपट मारणाऱ्या बुरशीची ओळख पटली. ती जखमेतून शिरते, आणि जखमा करतात मोकाट डुकरं, गुरं, वादळं, माणसाची अवजारं. झाड मेलं की तिथे परदेशी स्ट्रॉबेरी पेरूचं रान माजतं. ओहियाच्या फुलांतल्या मधावर जगणाऱ्या पक्ष्यांना त्याचा उपयोग नाही.

गेलेलं झाड परत आणता येतं का?

एकेक झाड वाचवता येतं. खोडात कीटकनाशक टोचून अ‍ॅश आणि हेमलॉक वर्षानुवर्षं जगवतात, पण ते उद्यानात आणि राईपुरतं. अख्ख्या डोंगराला इंजेक्शन देता येत नाही.

किडीचे शत्रू सोडणं हा सावकाश मार्ग. लोकरी किडीवर जगणारे छोटे भुंगेरे, अ‍ॅशच्या भुंगेऱ्याच्या अळीत अंडी घालणाऱ्या आशियाई गांधीलमाश्या सोडल्या गेल्या, काही ठिकाणी रुजल्याही. युरोपात चेस्टनटच्या बुरशीलाच एक विषाणू लागला आणि तिची ताकद घटली. अमेरिकेत मात्र त्या बुरशीचे प्रकार इतके आहेत की विषाणू एकातून दुसऱ्यात पसरत नाही.

उरली पैदास. चिनी चेस्टनटशी संकर अनेक दशकं चालू आहे. गव्हातलं एक जनुक घातलेलं चेस्टनटही तयार झालं. बुरशी झाडाला मारण्यासाठी जे आम्ल सोडते, ते हे जनुक निकामी करतं. २०२३ मध्ये कळलं की चाचण्यांमधली झाडं अपेक्षित वाणाची नसून दुसऱ्याच वाणाची होती, आणि काम मागे गेलं. झाडांच्या पैदाशीत एक पिढी म्हणजे दहा-पंधरा वर्षं, तेव्हा अशी चूक फार जड जाते.

पूर्वी कधी असं घडलंय? जंगल सावरलं का?

तळ्यांच्या गाळातले परागकण सांगतात की सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी हेमलॉक पूर्व अमेरिकेत अचानक घटला होता. दुष्काळ की कीड, यावर वाद आहे. तो परतला, पण हजारभर वर्षं किंवा त्याहून जास्त काळाने, आणि सगळीकडे पूर्वीइतका नाही.

जंगलात जाणाऱ्या माणसाने काय करावं?

सरपण एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेऊ नका. अ‍ॅशचा भुंगेरा स्वतः उडून थोडंच अंतर कापतो, लांबची मजल त्याने जळाऊ लाकडाच्या ट्रकमधून मारली. बुटांची माती झटकून, घासून मगच पुढच्या वाटेला लागा. मुळं कुजवणाऱ्या फायटॉफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाच्या जाती चिखलातूनच पसरतात, आणि न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांसाठी वाटेवर बूट धुण्याची ठाणी त्यासाठीच आहेत. झाडांवर नावं कोरू नका.

आणि बघायला शिका. अ‍ॅशच्या सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची, तीन-चार मिलिमीटरची भोकं, शेंड्याकडून विरळ होणारी पानं, सुतार पक्ष्यांनी सोलून फिकट केलेलं खोड. असं काही दिसलं तर फोटो काढून, जागा नोंदवून वनखात्याला कळवा. लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे की गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवावं. तरी काही कीड निसटतेच. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत ती कुणाच्या नजरेस पडली तरच आटोक्यात आणायची संधी असते. डेट्रॉइटला भुंगेरा सापडला तेव्हा तो तिथे येऊन निदान दहा वर्षं झाली होती.